कोंबडीचा नूर ओळखताना : घरी नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

परसात चार कोंबड्या आणल्या की पहिल्या महिन्यात एक प्रश्न हमखास पडतो : ही आज अशी का बसलीय? शेजारच्या आजी कुंपणापलीकडूनच बघून सांगतात, "काही नाही, खुडूक झालीय," म्हणजे अंडी उबवायच्या नादात बसलीय. किंवा मग, "हिला आजच वेगळी काढ बाई." त्या काही डॉक्टर नसतात. त्यांनी कोंबड्या रोज बघितलेल्या असतात, एवढंच.

कोंबडी आजार लपवते. दुबळी दिसली तर घार उचलते, मुंगूस धरतं आणि कळपातल्या बाकीच्या टोचून टोचून हैराण करतात. त्यामुळे अंगात जोर असेतोवर ती दाणे टिपायचं नाटकसुद्धा करते. चोच मातीत जाते, पण दाणा पोटात जात नाही. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली कोंबडी दिसते तेव्हा दुखणं बहुतेक वेळा दोन दिवस जुनं झालेलं असतं. म्हणून नवख्याने रोगांची यादी पाठ करू नये. आपली प्रत्येक कोंबडी रोज कशी असते, हे आधी पाठ करावं. समजा, एकीचं नाव तबकडी ठेवलंय, तर आजची तबकडी कालच्या तबकडीसारखी वागतेय का, एवढा एकच प्रश्न रोज विचारायचा.

पुढचं सगळं गावरान, गिरिराज, वनराज अशा मोकळ्या फिरणाऱ्या परसातल्या कोंबड्या धरून लिहिलंय. पिंजऱ्यात फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या लेअर पोल्ट्रीचं गणित वेगळं असतं.

पायरी १ : पहिला आठवडा नुसतं बघा

एकाच रंगाच्या चार कोंबड्या असतील तर आधी त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पायात घालायची प्लॅस्टिकची रंगीत कडी मिळतात, ती घाला. दोरा बांधू नका. पाय जाडावला की दोरा मांसात रुततो. कडी नसतील तर एका नखाला नेलपॉलिश लावलं तरी काही दिवस काम भागतं.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत दोन शब्द लिहायची सवय लावून घ्या. सकाळी पहिली बाहेर कोण येते, दाणा टाकला की कोण धावते आणि कोण वाट बघते, रात्री दांडीवर कुणाची जागा कोणती, अंडं कोण कुठे घालते. अंड्यांचंही निरीक्षण करा. एक कोंबडी साधारण एकाच ठेवणीची, एकाच छटेची अंडी घालत असते, त्यामुळे महिन्याभरात अंडं बघून मालकीण ओळखता येते. कुणाचं अंडं आलं नाही ते त्याच दिवशी कळतं.

या आठवड्यात दोन गोष्टी बघून नवखे घाबरतात, त्या आधीच सांगून ठेवते. दुपारी उन्हात कोंबडी एका कुशीवर कलंडते, एक पंख आणि एक पाय लांब ताणते, मान टाकते, डोळा अर्धा मिटते. मेली की काय म्हणून आपण धावत जातो, तर ती वैतागून उठते. ती ऊन खात असते. दुसरं, कोरड्या मातीत खड्डा करून लोळणं, पायांनी धूळ उडवून पिसांत घेणं, शेवटी उभं राहून अंग झाडणं. हे तिचं अंघोळीचं काम. त्याने पिसांतलं जादा तेल आणि उवा निघतात. धुळीत लोळणारी कोंबडी खुशीत आहे असं बेलाशक समजा. जी आठवडाभर लोळलेलीच नाही, तिच्याकडे मात्र लक्ष ठेवा, किंवा पावसाळा असेल तर तिला कोरडी माती कुठे शिल्लक आहे का ते बघा. छपराखाली जुन्या टायरमध्ये माती, थोडी वाळू आणि चुलीतली राख भरून ठेवली की काम होतं.

पायरी २ : खुराडं उघडतानाची दोन मिनिटं

दिवसभरात एकच वेळ देता येणार असेल तर ही द्या. दार उघडा आणि दाणा टाकायची घाई करू नका. आधी ऐका. मग मोजा. मग क्रम बघा.

धडधाकट कोंबड्या दार उघडताच ढकलाढकली करत बाहेर पडतात, पंख फडकवतात, पाण्याकडे किंवा उकिरड्याकडे पळतात. रोज पहिली येणारी आज शेवटी आली, तर तिच्यावर नजर ठेवा. सगळ्या गेल्यावरही आत बसून राहिली, तर हात घालून तिला बाहेर काढा. अंडं घालायला बसली असेल तर ठीक. तसं नसेल तर तपासणी आत्ताच.

त्यानंतर खाली वाकून दांडीखालची रात्रीची शिट बघा. हे किळसवाणं वाटतं, पण कोंबडीचं पोट तिथेच लिहिलेलं असतं. याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

दाणा टाकल्यावर मिनिटभर थांबा. कोण खरंच खातेय आणि कोण नुसती चोच आपटतेय, ते वरून नीट दिसतं. साधारण मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. मोकळी फिरणारी किडे, गवतही खाते, म्हणून खाद्याचा हिशोब तंतोतंत लागत नाही. पाण्याचा लागतो. भांडं रोज त्याच खुणेपर्यंत भरा. पाणी अचानक जास्त जाऊ लागलं तर ऊन, खारट खाणं किंवा ताप. कमी जाऊ लागलं तर आधी भांडं हुंगा. शेवाळ धरलेलं पाणी कोंबडी टाळते.

पायरी ३ : कान लावा

कोंबड्या सतत बोलत असतात. चरताना हळू आवाजात जे "कुर्र, कुक, कुक" चाललेलं असतं, ते सगळं ठीक असल्याचं बोलणं. ते ऐकू येत असेल तर तुम्ही निवांत चहा प्या. परस अचानक गप्प झालं तर बाहेर या.

धोक्याचे आवाज दोन तऱ्हेचे. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की कोंबडा बारीक, लांबट, खेचल्यासारखा आवाज काढतो आणि सगळ्या जागच्या जागी दबतात किंवा झुडपात शिरतात. जमिनीवरून कुत्रं, मांजर, मुंगूस आलं की मात्र "कॉक कॉक कॉक कॉकाऽक" असा मोठ्याने, तुटक ओरडा सुरू होतो, माना उंच होतात. दोन्हींतला फरक आठवडाभरात कानाला कळतो आणि फार उपयोगी पडतो. वर बघायचं की कुंपणाकडे, हे धावता धावता ठरवता येतं. गोंधळ एकाच ठिकाणी होतो : अंडं घातल्यावरचा गवगवा जवळजवळ असाच असतो. तो एकीने सुरू केला की दुसरी कामधाम नसताना सूर मिसळते. तेव्हा आधी अंड्याची टोपली बघा.

कोंबडा काही टिपून खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि "टुक टुक टुक" करतो, ते कोंबड्यांना जेवायला बोलावणं. पिल्लांची आईही असंच बोलावते. पिल्लांचं मंद चिवचिवणं म्हणजे समाधान; सलग, चढ्या आवाजातलं चिवचिवणं म्हणजे थंडी वाजतेय, भूक लागलीय किंवा चुकामूक झालीय. बल्बखाली ठेवलेली पिल्लं बल्बच्या खाली गोळा होऊन ओरडत असतील तर ऊब कमी, कडेला पांगून चोच उघडून बसली असतील तर जास्त. सगळीकडे सारखी पसरून झोपली असतील तर हात लावू नका.

आणि एक आवाज रात्रीचा. अंधार पडून सगळ्या दांडीवर स्थिरावल्या की खुराड्याजवळ जाऊन श्वास ऐका. दिवसा गलबल्यात न ऐकू येणारी घरघर, शिंक, चिकट टिचकी रात्री स्वच्छ ऐकू येते. तशी ऐकू आली तर टॉर्च घेऊन कोणाची ते शोधा आणि सकाळची वाट न बघता तिला वेगळी ठेवा. श्वासाचे आजार कळपात भराभर पसरतात. खुराड्यात डोळे चुरचुरावेत असा अमोनियाचा वास येत असेल तर भुसा आजच बदला. तुम्हाला उभ्याने झोंबतो तो वास त्यांना रात्रभर, अगदी जमिनीलगत हुंगावा लागतो.

पायरी ४ : तुऱ्यापासून शेपटीपर्यंत

तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारे मांसल भाग) लालबुंद, ऊबदार असले की सहसा रक्त चांगलं आणि अंडी चालू. फिकट तुऱ्याला मात्र बरीच कारणं आहेत. अजून अंडी न घालणारी तलंग (तरुण कोंबडी), खुडूक बसलेली, पिसं गाळणारी, या सगळ्यांचा तुरा फिकट आणि आखडलेला असतो आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. यातलं काहीच नसताना तुरा पांढुरका झाला, तर जंत, उवा किंवा रक्त पिणारे बारीक किडे यांचा संशय घ्या. तुरा निळसर-जांभळा पडला तर थांबू नका. श्वास किंवा रक्ताभिसरण अडलेलं असतं. कडकनाथ पाळणाऱ्यांना ही खूण उपयोगाची नाही, कारण झाबुआच्या त्या जातीचा तुरा मुळातच काळपट असतो. त्यांनी डोळे आणि वागणं बघावं.

तुऱ्यावर, गालावर काळ्या-तपकिरी खपल्या दिसल्या तर भांडणातल्या टोचांच्या जखमा की देवी, हे ठरवावं लागतं. टोच एखाद-दुसरी असते आणि दोन-तीन दिवसांत वाळते. देवीचे फोड आधी पांढुरके येतात, मग चामखिळीसारखे होतात, वाढत जातात, दुसऱ्या-तिसऱ्या कोंबडीवरही दिसू लागतात. डास हा रोग पसरवतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. खपल्या ओढून काढू नका. बाहेरच्या खपल्यांची देवी बहुतेक कोंबड्या दोन-चार आठवड्यांत निभावून नेतात. घशात फोड आले आणि खाणं-श्वास अडला तर प्रकरण गंभीर.

डोळे गोल, चमकदार, दोन्ही सारखे उघडे हवेत. फेस, चिकटा, एक डोळा सुजलेला, हे सर्दीच्या आजारांचं लक्षण. दांडीवर एक डोळा उघडा ठेवून पेंगणारी कोंबडी मात्र आजारी नाही. ती तशी झोपू शकते.

शेपूट हा नवख्यांच्या नजरेतून निसटणारा भाग. चालती-फिरती कोंबडी शेपूट वर ठेवते. शेपूट पाडून, पंख लोंबवून, मान खांद्यात घेऊन उभी राहिली की तिला दुखतंय. त्यातही ताठ उभी, शेपूट खाली आणि मागचा भाग आत-बाहेर हलतोय, वारंवार खोक्यात जाऊन कुंथतेय आणि अंडं येत नाही, असं असेल तर अंडं अडकलं असण्याची दाट शक्यता. तिला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पोटापर्यंत वीसेक मिनिटं बसवा, कोरडी करा, अंधाऱ्या उबदार जागेत एकटी ठेवा, पाण्यातून कॅल्शियम द्या. काही तासांत अंडं आलं नाही तर डॉक्टर. बोट घालून ओढायला किंवा पोट दाबायला जाऊ नका. अंडं आत फुटलं तर कोंबडी हातची जाते.

पायरी ५ : आठवड्यातून एकदा हातात घ्या

दिवसा कोंबडी पकडायला गेलात तर परसात शर्यत लागते आणि पुढचे दोन दिवस तुमच्याकडे कुणी फिरकत नाही. तपासणी संध्याकाळी करा, दांडीवर बसल्यावर. अंधारात ती शांत असते. पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांत उचला, एका हाताच्या पंजावर छाती टेकवा, बोटांच्या मध्ये पाय धरा, तोंड तुमच्या कोपराकडे. उलटी लटकवू नका. बाजारात तसं धरतात म्हणून ते बरोबर होत नाही.

छातीच्या मध्यावर होडीच्या तळासारखं एक हाड लागतं. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक. हाड सुरीसारखं हाताला टोचलं तर कोंबडी सुकतेय. पिसांमुळे वरून ती गुबगुबीत दिसते, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. हे बोटांनाच कळतं.

गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला अन्नपिशवी असते. संध्याकाळी ती लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, दाण्यांनी भरलेली हवी. सकाळी दाणा टाकण्याआधी रिकामी हवी. संध्याकाळी रिकामी म्हणजे खाल्लं नाही. सकाळीही भरलेली आणि घट्ट म्हणजे लांब गवत, दोरा, प्लॅस्टिक असं काही अडकलंय. सकाळी मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी आणि चोचीला आंबट वास असेल तर आत आंबवलंय. घट्ट असेल तर थोडं खोबरेल पाजून हळुवार चोळून बघता येतं, पण कोंबडी उलटी धरून ओकवण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो करू नका. पाणी श्वासनलिकेत जातं.

मग शेपटीखालची पिसं बाजूला करून बघा. पिवळसर उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या मुळाशी त्यांच्या लिखांचे पांढरे गठ्ठे. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात. लाल बारीक किडे मात्र दिवसा दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. दांडीवरून रात्री पांढरा कागद किंवा फडकं फिरवा. त्यावर लाल ठिपके उमटले तर शत्रू खुराड्यात आहे. मग नुसती कोंबडी साफ करून भागत नाही. फटी गरम पाण्याने धुऊन चुन्याने बंद कराव्या लागतात. कोंबड्या खुराड्यात जायलाच कुरकुर करू लागल्या, झाडावर झोपू लागल्या, तर बऱ्याचदा कारण हेच निघतं.

शेवटी तळपाय. गच्चीवर, काँक्रीटवर वाढणाऱ्या कोंबड्यांच्या तळव्याला काळी टणक खपली आणि सूज दिसते. उंच दांडीवरून कडक जमिनीवर उड्या मारून जखम होते, त्यात पू धरतो. दांडी खाली घ्या, खाली जाड भुसा पसरा. सूज वाढली असेल तर कापाकापी डॉक्टरांनाच करू द्या. पायावरची खवलं उचकटलेली, खरबरीत दिसली तर खवल्यांखाली किडे आहेत. पाय धुऊन आठवड्यातून दोनदा खोबरेल किंवा व्हॅसलीन थापलं की ते गुदमरून मरतात. स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

पायरी ६ : शिट वाचायला शिका

नेहमीची शिट तपकिरी-हिरवट, आकार धरलेली आणि वर पांढरा टोपरा. तो पांढरा भाग म्हणजे लघवीच. कोंबडीला वेगळी लघवी नसते. दर आठ-दहा शिटांमागे एक चॉकलेटी, चिकट आणि भयंकर वासाची येते. ती बघून हगवण लागली म्हणून औषधाला पळू नका. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि येणं चांगलंच असतं. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते आणि एकदम मोठा, घाणेरड्या वासाचा ढीग टाकते. तेही बरोबर. उन्हाळ्यात पाणी जास्त प्यायल्याने शिट पातळ होते. कलिंगडाच्या साली टाकल्यावर तर होतेच.

काळजीचं काय? रक्त. विशेषतः तीन-चार आठवड्यांपासून पुढच्या पिल्लांमध्ये शिटेत रक्त, पिल्लं पंख पाडून गोळा झालेली, म्हणजे रक्ती हगवण. डॉक्टरी भाषेत कॉक्सिडिओसिस. ओला भुसा आणि दमट हवा हे त्याचं घर, म्हणून कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टला ठरलेलं. यावर अँप्रोलियमसारखं औषध पाण्यातून देतात आणि ते वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात. प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्या आणि भुसा त्याच दिवशी बदला. ओला तसाच ठेवून औषध देणं म्हणजे पैसे पाण्यात.

हिरवीगार, पातळ शिट म्हणजे कोंबडीने खाणं सोडलेलं असतं आणि नुसतं पित्त पडतंय. सोबत घरघर, मान वळणं, एकामागून एक मरणं असेल तर राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग समजून चाला. पांढऱ्या चुन्यासारख्या पातळ शिटेने पिल्लांची मागची बाजू चिकटली असेल तर कोमट पाण्याने पुसून मोकळी करा, नाहीतर पुढची शिट अडते. शिटेत भाताच्या शितासारखे हलणारे तुकडे किंवा शेवयांसारखे जंत दिसले तर जंतनाशक. मोकळ्या कोंबड्यांना ते साधारण तीन महिन्यांनी द्यावंच लागतं. कोणतंही औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांना न विसरता विचारा.

आजार नव्हे, स्वभाव

खुडूक कोंबडी ओळखणं सोपं. दिवसभर खोक्यात चपटी होऊन बसते, हात नेला की पिसं फुगवून गुरगुरते, चोच मारते, छातीखालची पिसं उपटून काढते. तापट झाली, आजारी नाही. गावरान कोंबडी १२-१५ अंड्यांचा एक हप्ता घालून खुडूक होतेच आणि वर्षाला तिची अंडी साधारण ६०-८० भरतात. ज्यांना रोज अंडं हवंय त्यांनी गावरान कोंबडीवर रागावू नये. पिल्लं हवी असतील तर तिला रवणीला, म्हणजे अंड्यांवर उबवायला बसवा, २१ दिवसांत पिल्लं. नको असतील तर तळाशी जाळी असलेल्या, हवा खेळत्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खाणंपिणं भरपूर द्या. पोटाखालची ऊब गेली की ती विसरते. नाकात पीस खुपसणं, थंड पाण्यात बुचकळणं हे जुने प्रकार सोडून द्या.

वर्षातून एकदा पिसं गळतात, सहसा दिवस लहान होऊ लागल्यावर. आधी डोकं-मान, मग पाठ, शेवटी पंख-शेपूट. दोन-तीन महिने अंडी बंद, कोंबडी अकाली म्हातारी दिसते आणि हात लावू देत नाही, कारण नवी येणारी पिसं दुखरी असतात. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच. तेव्हा या काळात शेंगदाणा पेंड, सुकट, उकडलेलं अंडं असं काही द्या. गळती या क्रमाने नसेल, फक्त पाठीवर टक्कल असेल तर जुगताना पाठीवर चढणाऱ्या कोंबड्याचा उद्योग. शेपटीच्या बुडाशीच असेल तर उवा किंवा दुसऱ्या कोंबडीची टोच.

टोचाटोचीबद्दल थोडं. नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एबे यांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचं निरीक्षण करून दाखवलं की कळपात कोण कुणाला टोचणार याची पक्की उतरंड असते. ती ठरली की शांतता असते. नवी कोंबडी आली, जुनी मेली किंवा आजारी एक आठवडा वेगळी राहून परतली की सगळी मांडणी पुन्हा होते. त्यामुळे दोन-चार दिवसांची हाणामारी नेहमीची. मध्ये पडू नका, फक्त खाण्या-पाण्याची दोन भांडी लांब लांब ठेवा म्हणजे खालच्या पायरीवरचीला जेवायला मिळेल. रक्त निघालं तर मात्र लगेच बाजूला काढा. लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत. आणि एखादी चांगली मानाची कोंबडी अचानक सगळ्यांकडून टोचून घेऊ लागली, तर तिच्यात काहीतरी बिघडलंय हे कळपाला तुमच्या आधी कळलेलं असतं.

हात नेला की अंग टाकून, पंख किंचित पसरून दबून बसणारी तलंग आजारी नसते. आठ-पंधरा दिवसांत पहिलं अंडं येणार, खोकं तयार ठेवा.

ऊन आणि पाऊस

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग एरवीच ४१ अंशांच्या आसपास असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. इथवर ती स्वतःला सांभाळतेय. धाप लागलेली असतानाच पाय लटपटू लागले, मान टाकली, तर ती जातेय. सावलीत आणा, पाय आणि तुरा साध्या पाण्याने ओले करा, चोच बुडवून थोडं थोडं पाणी पाजा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. दाणा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या, दुपारी खुराड्याच्या जाळीला ओलं गोणपाट बांधा.

पावसाळ्यात भुसा आणि धान्य दोन्हींवर डोळा ठेवा. मूठभर भुसा दाबून सोडला आणि लाडू तसाच राहिला तर ओला आहे. बुरशी लागलेला मका किंवा पेंड "कोंबड्याच तर खाणार" म्हणून घालू नका. त्यातलं विष यकृत खातं आणि वरून महिनाभर काहीच कळत नाही.

बिघडलंय असं वाटलं तर

वेगळी करा. हे पहिलं आणि सर्वांत मोठं काम. पुठ्ठ्याचं खोकं किंवा डालगं, खाली कोरडा भुसा, हवा खेळती पण झोत नको, पाणी चोचीजवळ. जखम असेल तर मिठाच्या पाण्याने धुऊन हळद लावायला हरकत नाही. लसूण-हळदीचं पाणी पाजल्याने नुकसान होत नाही, पण राणीखेत त्याने बरा होत नाही आणि वाट बघण्यात दिवस जातो. गेल्या खेपेचं उरलेलं अँटिबायोटिक तर नकोच. तिची भांडी वेगळी, तिचं काम सगळ्यात शेवटी, मग हात आणि चपला धुवा.

राणीखेतला गावाकडे मानमोडी म्हणतात. उत्तराखंडमधल्या राणीखेत गावावरून नाव पडलेल्या या रोगाला औषध नाही, फक्त लस आहे. साधारण पहिल्या आठवड्यात लासोटा नावाच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे त्याचाच बूस्टर, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. त्याच वयात देवीची लस पंखाच्या पडद्यात. अडचण अशी की लसीची कुपी बहुधा शंभर डोसांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. तुमच्याकडे कोंबड्या सहा. म्हणून आळीतल्या पाच-दहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणवून घ्या. आजारी कोंबडीला लस टोचू नका. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवूनच कळपात सोडा. मानमोडी बहुतेक वेळा त्याच पिशवीतून घरी येते.

एका दिवसात दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या, किंवा डोकं सुजून तुरा निळा पडून मेल्या, तर हात लावण्याआधी दवाखान्याला कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. मेलेली कोंबडी सोलायची नाही, कुत्र्याला टाकायची नाही, ओढ्यात तर अजिबात नाही. डॉक्टर सांगतील तसं नमुना घेऊन झाल्यावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. मुलांना तोवर खुराड्याकडे फिरकू देऊ नका. एरवीही पिल्लाला गालाशी लावून पापे घेणं थांबवा आणि हात साबणाने धुवायला लावा. धट्ट्याकट्ट्या कोंबडीच्या पोटातही माणसाला जुलाब लावणारे जंतू असतात.

जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक खुराड्याच्या दारावर आतून लिहून ठेवा. फोन केल्यावर डॉक्टर काय विचारतील ते ठरलेलं असतं : वय किती, कधीपासून, एकटीच की अनेक, खाते-पिते का, शिट कशी, श्वास कसा, लस कधी दिली, नवी कोंबडी कधी आणली, खाद्य बदललं का. कॅलेंडर काढा आणि वाचून दाखवा. शिटेचा आणि तुऱ्याचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा, फ्लॅश न वापरता. फ्लॅशमध्ये निळा तुरा काळा दिसतो आणि फिकट तुरा आणखी पांढरा.